इसार इकडचा, इसार तिकडचा

घर विकणाऱ्याला इसार म्हणजे भीष्मप्रतिज्ञा वाटते. घर घेणाऱ्याला तीच गोष्ट सदिच्छा भेट वाटते. असे दोघं समोरासमोर बसले, मध्ये चहा आला आणि तिसऱ्यानं ‘जाऊ द्या ना, दोघांनी थोडं थोडं सोडा’ म्हटलं की व्यवहार होतो. पण हे दोघं एकाच सदऱ्यात शिरले तर काय होतं, ते मी गेल्या दसऱ्यापासून नांदेड-लातूर रस्त्यावर भोगतोय.

पाटबंधारे खात्यातून मी निवृत्त झालो. घर नांदेडला, तरोड्याकडं. सौभाग्यवती लातूरची. नोकरी आहे तोवर नवऱ्याच्या गावी आणि पेन्शन सुरू झाली की बायकोच्या गावी, असं लग्नातच ठरलं होतं, हे तिचं म्हणणं. बाँडवर काही नव्हतं, पण तिचे तिन्ही भाऊ साक्षीदार निघाले. तेव्हा नांदेडचं घर विकायचं आणि लातूरला औसा रोडकडं घ्यायचं, असा ठराव आमच्याकडं एकमतानं मंजूर झाला. ते एक मत कुणाचं, हे विचारू नये.

आता नांदेडच्या माणसानं लातूरला राहायला जाणं ही खासगी बाब राहत नाही. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिले चार. शंकरराव आणि अशोकराव चव्हाण आमचे, शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख त्यांचे. हिशेब दोन-दोन असा सुटला. पण महसूल आयुक्तालय एकच, आणि ते कुठं व्हावं यावरून वर्षानुवर्षं मोर्चे, बंद, कोर्ट सगळं होऊन गेलं. त्यामुळे मी घर विकतोय हे कळल्यावर शेजारचे काका इतकंच म्हणाले, “लातूरला? म्हणजे तुम्ही पण तिकडं मिळालात?” मी निवृत्त कारकून आहे, आयुक्तालय मी बरोबर नेत नाहीये, हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

गिऱ्हाइकं घर बघायला येऊ लागली ती नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरात. २०२५ चा तो पावसाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेले, गोदावरी फुगलेली, आणि दारात छत्री झटकत उभं असलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, “पाणी येतं का?” मी छातीठोक सांगायचो, “नाही हो! एवढ्या वर्षांत एक थेंब नाही.” त्याच आठवड्यात मी लातूरला घर बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न, “पाणी येतं का?” आणि तिथं कुणी ‘एक थेंब नाही’ म्हणालं असतं तर मी चपलाच घातल्या असत्या. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. तिथला घरमालक दिवाणखाना नंतर दाखवतो, आधी हौद दाखवतो. आप्पांनी, म्हणजे ज्यांचं घर आम्ही घेतोय त्यांनी, आम्हाला जिन्याखालचं लोखंडी झाकण उचलायला लावून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, “दहा हजार लिटर. वरती पाच वेगळी.” आमच्या हिनं त्या अंधारात असं काही प्रेमानं पाहिलं की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही तो चेहरा सापडत नाही.

बांधकाम कधीचं, असं मी विचारलं. “एक्क्याण्णवचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला, भिंतीला चीर नाही,” आप्पा म्हणाले. आदल्याच गल्लीत एजंटानं दुसरं घर दाखवताना सांगितलं होतं, “सर, हे त्र्याण्णवच्या नंतरचं. भूकंप बघून बांधलंय, सळई डबल.” लातूरमध्ये घर आधीचं असो की नंतरचं, ३० सप्टेंबर १९९३ नं त्याची किंमत वाढतेच. त्या दोन्ही युक्तिवादांना मी मान डोलावली. डोलावणं एवढंच घेणाऱ्याच्या हाती असतं.

मग प्रश्न आला क्रमाचा. आधी विकावं तर राहायचं कुठं, आणि आधी घ्यावं तर पैसे कुठले? यावर सल्ला द्यायला माणसं शोधावी लागत नाहीत. शेजारचे काका: “आधी विका, पैसा खिशात पाहिजे.” धाकटा मेव्हणा: “दाजी, आधी घ्या. आप्पाचं घर जाईल.” व्याही: “दोन्ही थांबवा, भाव वाढणारेत.” भाव वाढले की घ्यायच्या घराचेही वाढतील, हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मग आत्ताच करून टाका.” व्याह्यांचा सल्ला असा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. भाड्यानं राहायचा पर्याय मी हळूच मांडला. “या वयात? मी माहेरच्या गावात भाड्यानं राहू?” त्या ‘माहेरच्या’वर एवढा जोर होता की तो पर्याय तिथंच मयत झाला.

तेव्हा ठरलं, दोन्ही इसार एकाच दिवशी. सकाळी नांदेडला घ्यायचा, संध्याकाळी लातूरला द्यायचा. पितृपंधरवड्यात कुणी हात लावणार नव्हतं. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा हाताशी होता. पंचांग उत्तम होतं. फक्त २ ऑक्टोबर असल्यामुळे त्याच दिवशी गांधीजयंतीही होती आणि बँका बंद होत्या. सोनं लुटायचं आणि साधेपणानं राहायचं, दोन्ही एका तारखेला. पण त्या वेळी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे जिल्हा परिषदेचे एक गुरुजी. लोह्याकडं त्यांची दोन एकर जमीन. ती विकून मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडात घर घ्यायचं. माणूस सज्जन, पण गुरुजी. आमचं घर त्यांनी वह्या तपासाव्यात तसं तपासलं. दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडं जातं की उंबऱ्याकडं ते पाहिलं, आणि शेवटी “ठीक आहे” असा शेरा मारला. दसऱ्याला सकाळी ते आले ते कापडी पिशवीत नोटा घेऊन. एक लाख एक्कावन्न हजार ठरले होते. मी पिशवीकडं पाहतोय तोवर पुण्याहून चिरंजीवांचा फोन. तो सीए करतोय. अजून झालेला नाही, त्यामुळे त्याचे नियम फार पक्के आहेत.

“बाबा, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायची नाही. २०१५ च्या जूनपासून नियम आहे.”

“घेतली तर?”

“दंड.”

“किती?”

“जेवढी घेतली तेवढाच.”

मी फोन ठेवला तेव्हा ती पिशवी मला तापल्यासारखी वाटली. मग १९ हजार ९९९ रोख घ्यावेत का, यावर थोडी चर्चा झाली. शेजारचे काका म्हणाले, चप्पलच्या दुकानातली किंमत आहे ती, इसार शोभत नाही. शेवटी गुरुजींनी पिशवीतूनच, नोटांच्या खालून, चेकबुक काढलं. म्हणजे गडी तयारीनं आला होता. चेक लिहिला, फाडला, आणि माझ्या हातात देता देता धरून ठेवला.

“साहेब, एक विनंती. चेक टाकू नका. मी सांगतो.”

“म्हणजे?”

“जमिनीचा इसार आला की सांगतो. विश्वासाचा चेक आहे हा.”

विश्वासाचा चेक आणि बँकेत चालणारा चेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला नवीन होतं. पण सणाचा दिवस. आपट्याचं पान त्यांनी माझ्या हातात ठेवलं, चेक मी खिशात ठेवला.

पावती आदल्याच दिवशी तयार करून घेतली होती. पूर्वी शंभरच्या बाँडवर भागायचं. २०२४ च्या दिवाळीआधी सरकारनं शंभर-दोनशेची छुट्टी केली, आता पाचशेचा लागतो. दस्तलेखकाकडं संगणकात मसुदा तयारच असतो, नावं तेवढी बदलायची. त्यानं नावं बदलली, चतुःसीमा बदलायची राहिली. त्यामुळे तरोड्यातल्या माझ्या घराच्या पूर्वेस ‘उसाचे शेत व विहीर’ आली. मी म्हटलं, “अहो, पूर्वेला किराणा दुकान आहे.” तो म्हणाला, “असू द्या साहेब, पूर्वी ऊसच असंल.” दुसरा बाँड फुकट घालवायचा नाही म्हणून शेवटी खाडाखोड करून सह्या केल्या. आजही त्या कागदावर वाकून पाहिलं तर किराणा दुकानाच्या खाली ऊस दिसतो.

मात्र एक कलम मी स्वतः उभा राहून लिहून घेतलं होतं. ‘लिहून घेणार यांनी मुदतीत खरेदीखत करून न घेतल्यास इसाराची रक्कम बुडाली असे समजण्यात येईल.’ त्याला मी ‘कसलीही सबब ऐकली जाणार नाही’ जोडलं. मग ‘नैसर्गिक आपत्तीसह’ हेही. नोकरीतली सगळी वर्षं मी सबबी ऐकण्यात घालवलेली. एकदा तरी न ऐकण्याची ताकद कागदावर यावी, एवढाच हेतू. गुरुजींनी पावती वाचली, ‘कसलीही’मधला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि मुकाट सही केली. मी म्हणालो, “गुरुजी, व्यवहार म्हटलं की शब्द म्हणजे शब्द. माणूस कागदाला बांधील पाहिजे.” हे वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते त्याच संध्याकाळी मला ऐकावं लागलं.

दुपारी आम्ही लातूरच्या एसटीत बसलो. हिचं तिकीट अर्धं आणि अधिकार पूर्ण. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर असा हा रस्ता. अहमदपूरला गाडी थांबते, लोक चहा पितात, आणि माझ्या मते तिथंच कुठंतरी माणसाचं तत्त्वज्ञान बदलतं. लोह्यापर्यंत मी घर विकणारा होतो. गुरुजींनी मुदत पाळली नाही तर त्यांचे दीड लाख कसे हक्कानं ठेवून घ्यायचे, याचा विचार करत होतो. अहमदपूरला चहा प्यालो. चाकूर येईतो मी घर घेणारा झालो आणि मनात म्हणू लागलो, इसार बुडवणं ही काय माणुसकी आहे का? माणसाला अडचणी येतात. पाऊस येतो. नैसर्गिक आपत्ती तर सांगून येत नाही.

हा बदल माझ्यातच होतो असं नाही. आमच्या हिला नांदेडमध्ये गुरुजींचा भाव ‘अगदीच कमी’ वाटतो आणि लातूरमध्ये आप्पांचा ‘जरा जास्तच’. दोन्हींत चौरस फुटाचा हिशेब लावला तर फरक फारसा नाही. पण हिशेब लावायची सोय नाही. लावणारा मी, आणि ऐकणारी ती.

आप्पांच्या घरी पेढे, सोनं, सगळं झालं. त्यांनी पावतीचा मसुदा काढला. अर्ध्या पानाचा, सौम्य, जवळजवळ लग्नपत्रिकेच्या भाषेतला. मी खूश. सही करणार, एवढ्यात आमच्या मेव्हण्यानं, हा धाकटा, यार्डात आडत आहे याची आणि या सौद्यात मध्यस्थही हाच, माझ्या पिशवीतून नांदेडची पावती काढली. “आप्पा, दाजींनी बघा कसला कडक कागद केलाय!” त्याला माझा अभिमान वाटत होता. आप्पांनी चष्मा लावला. ‘कसलीही सबब’पाशी ते थांबले, ‘नैसर्गिक आपत्तीसह’पाशी त्यांनी मान हलवली.

“हे चांगलंय की. हेच घ्या आपल्यातबी.”

“आप्पा, आपल्यात कशाला? आपले घरोब्याचे संबंध.”

“असंना का. व्यवहार म्हटलं की शब्द म्हणजे शब्द. माणूस कागदाला बांधील पाहिजे.”

अशा रीतीनं मी केलेलं कलम मलाच लागलं. अडीच लाख एक हजार इसार, मुदतीत खरेदीखत न झाल्यास बुडीत, नैसर्गिक आपत्तीसह. पूर्वेस ऊस तेवढा आला नाही. मी चेक लिहिला, फाडला, आप्पांच्या हातात देता देता धरून ठेवला. शब्द आपोआप तोंडातून आले.

“आप्पा, चेक टाकू नका. मी सांगतो.”

आप्पा हसले. “नाही टाकत. मीबी पुण्याला बिल्डरला तसाच दिलाय.” त्यांच्या मुलानं वाकडला फ्लॅट बघितला होता, हे घर विकून ते तिकडं चालले होते. म्हणजे लोह्यापासून वाकडपर्यंत एक साखळी तयार झाली होती आणि तिच्या प्रत्येक कडीला एक न टाकायचा चेक लटकत होता. एकाही रुपयाची हालचाल न होता तीन घरांचे पेढे वाटून झाले.

इथं कायद्याची बाजू सांगायला हवी, कारण ती कुणीच लक्षात घेत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो की विक्रीचा करार झाला म्हणून त्या मालमत्तेत घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. कायदा काहीही म्हणो, दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या सौ. मोजपट्टी घेऊन आमच्या हॉलमध्ये हजर. पडद्यांचं माप. मग गुरुजींच्या आई आल्या, त्यांनी परसातल्या लिंबाच्या झाडाकडं पाहून विचारलं, “हे तोडणार ना जाण्याआधी?” मी कॅलेंडर लावायला खिळा ठोकत होतो तर गुरुजी कळवळून म्हणाले, “साहेब, भिंतीला कशाला त्रास?” आमची ही रात्री चिडली, “अजून घर आपलं आहे! काय माणसं हो!” आणि तेवढ्यातच तिनं लातूरला आप्पांच्या सुनेला फोन लावला, “अगं, त्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर गरम कढई ठेवत जाऊ नकोस हं.”

साखळी अशीच निवांत लटकत राहिली असती. पण रिझर्व्ह बँकेनं मध्येच एक सुधारणा केली. पूर्वी चेक टाकला की वठायला एक-दोन दिवस लागत. तेवढ्यात माणूस धावपळ करून खात्यात पैसे भरू शकायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून, म्हणजे आमच्या दसऱ्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, चेक त्याच दिवशी काही तासांत वठू लागले. देशासाठी चांगलं झालं असेल. न टाकायचे चेक देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पायाखालची मात्र वाळू सरकली.

पुण्याच्या बिल्डरच्या ऑफिसात ‘टाकू नका, मी सांगतो’ ही भाषा कुणाला कळत नसावी. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी चेक टाकून दिला. सकाळी साडेदहाला आप्पांना बँकेचा मेसेज. पावणेअकराला आप्पांचा मला फोन.

“पाव्हणं, तुमचा टाकायलो बघा.”

“आप्पा, थांबा! माझ्या खात्यात...”

“माझा वटला नाही तर १३८ लागंल. तुमचा टाकल्याबिगर माझा वटत नाही.”

१३८ म्हणजे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम. चेक परत गेला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इंग्रजांनी मूळ कायदा केला तेव्हा त्यांना दसऱ्याचे चेक माहीत नव्हते. मी ताबडतोब गुरुजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गुरुजी कुठल्याशा ट्रेनिंगला होते. शिक्षकाला शिकवणं सोडून जी बाकीची कामं असतात, त्यांतलं एक. त्यांचा चेक मी हातात घेऊन बँकेच्या दारात उभा. टाकला आणि परत आला तर गुरुजी तुरुंगात. नाही टाकला तर मी. नांदेडमध्ये विकणारा म्हणून मला टाकायचा हक्क होता, लातूरमध्ये घेणारा म्हणून न टाकण्याची विनंती करण्याचा. अहमदपूर मध्येच राहिलं होतं.

शेवटी घरी फोन केला. ही शांतपणे म्हणाली, “किती कमी पडतात?”

“दीड लाख.”

“माझ्या भिशीचे आहेत. या घेऊन जा.”

इतक्या वर्षांच्या संसारात दीड लाखाची भिशी आपल्या छपराखाली राहत होती आणि आपली तिची ओळखही नाही, या विचारानं मी आनंदित व्हावं की घाबरावं, हे ठरेना. “एक अट आहे,” ती म्हणाली. “लातूरचं घर माझ्या नावावर. नाहीतरी बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. २०२१ पासून.” वर्ष तिला पाठ होतं. म्हणजे २०२१ पासून ती वाट बघत होती.

दोन वाजायच्या आत माझा चेक वठला. साडेतीनला गुरुजींचा फोन, “साहेब, मिस कॉल होता तुमचा?” मी त्यांना कागदाचं बंधन, शब्दाचं मोल वगैरे ऐकवणार होतो, तोच ते म्हणाले, “आमच्या वकिलांना तुमच्या जागेचे जुने कागद हवेत.”

गुंठेवारीचं प्रमाणपत्र, आठ अ, कराच्या पावत्या, सगळं दिलं होतं. पण वकीलसाहेबांना मुळाशी जायचं होतं. १९५४-५५ च्या खासऱ्यापर्यंत. आमच्या फाईलच्या तळाशी एक पिवळा पडलेला उर्दू कागद होता. निजामाच्या वेळचा. मी जागा घेतली तेव्हा मूळ मालकानं तो फाईलसोबत दिला, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या कागदाला मान होता. वाचता येत नसल्यामुळे जास्तच. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो लांबून दाखवायचो. गुरुजींनी तर त्याची झेरॉक्स खिशात ठेवली होती. वकिलांनी तो एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं नेला. त्यांनी तो उन्हात धरला, दोनदा वाचला.

“साब, ये तो भैंस की रसीद है.”

“जमिनीचं काहीच नाही?”

“नहीं. भैंस का बयाना दिया है, पाँच रुपये हाली. बाकी दसहरे पे देने का वादा.”

“पुढं?”

“आगे कुछ लिखा नहीं.”

त्या म्हशीचा व्यवहार झाला की ते निजामी पाच रुपये हाली बुडाले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुरुजींनी झेरॉक्स हळूच परत केली. खासरा वकिलांना तहसीलमधून मिळाला, तो स्वच्छ निघाला, आणि माझी फाईल वजनानं हलकी पण कायद्यानं भक्कम झाली.

एवढं झाल्यावर खरेदीखतं व्हायला हवी होती. आप्पांचा तगादा सुरू झाला. त्यांच्यामागं वाकडचा तगादा. मी गुरुजींमागं लागलो. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, मुदत जवळ येऊ लागली, आणि मुदतीचं ते कलम मला रात्री झोपेत अक्षरशः दिसायचं. शेवटी मी गुरुजींना समोर बसवून विचारलं, अडलंय कुठं?

“साहेब, आमची जमीन घेणारा गावातलाच पोरगा आहे. त्याचं बँकेचं कर्ज मंजूर आहे. त्याचे स्वतःचे दोन लाख तेवढे यायचेत.”

“कुठून?”

“सोयाबीनचे.”

पावसातून जे काही वाचलं ते सोयाबीन. त्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, पण खरेदी केंद्राचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून पोरानं माल लातूरला आणून हमीभावाच्या बराच खाली घालून टाकला. तर आता आडतवाला म्हणतोय, मिलवाल्याचे आले की देतो.

आमच्या हिला हे सांगितल्यावर ती उसळली. “लबाड असतात मेले! शेतकऱ्याचे पैसे अडवून बसायचं. एकाच्या लबाडीपायी चार घरं अडकलीत. कोण आहे तो? दादाला सांगते, यार्डात ओळख आहे त्याची.”

मी गुरुजींकडून पोराचा नंबर घेतला. पोरानं आडतीचं नाव सांगितलं. मी ते परत विचारलं. त्यानं परत सांगितलं, गाळा नंबरासकट. त्या गाळ्यात बसून मी कितीतरी वेळा चहा प्यालोय. गादीवर बसून सकाळ-संध्याकाळ मला “दाजी, आप्पा थांबायला तयार नाहीत, पैसे कधी करताय?” असे फोन करणारा आमचा धाकटा मेव्हणाच तो.

हे मी सौभाग्यवतीला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “त्याला काय तरी अडचण असंल. धंद्यात मागं-पुढं होतंच.”

मेव्हण्याला फोन लावला. मी बरंच बोललो. तो ऐकून घेत होता. त्यालाही मोठं आश्चर्य वाटलं. “काय सांगता दाजी, म्हणजे तुमचेच पैसे माझ्याकडं अडकलेत?” मग म्हणाला, मिलवाला महिनाअखेरीला देणार आहे, त्याआधी त्याचे हात रिकामे. एक उपाय आहे. मी त्याला दोन लाख हातउसने द्यावेत. तो ते पोराला देईल, पोरगा जमिनीची रजिस्ट्री करील, गुरुजी मला देतील, मी आप्पांना देईन, आप्पा वाकडला देतील. मिलवाल्याचे आले की माझे दोन लाख मला परत.

“म्हणजे माझं घर विकलं जावं म्हणून पैसे मीच भरायचे?”

“दाजी, घर कुठं तुमचं राहिलंय आता. ताईच्या नावावर घेताय म्हणं.”

बातमी लातूरला माझ्या आधी पोचली होती. निवृत्तीची एक एफडी होती. ती मोडायची म्हणजे व्याज बुडणार, पण मुदत टळली तर अडीच लाख बुडणार, नैसर्गिक आपत्तीसह. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. अहमदपूरला मी चहा घेतला नाही. यावेळी कुठल्या बाजूनं विचार करायचा तेच ठरत नव्हतं. गाळ्यात पोचलो, गादीवर बसलो, पोत्यांच्या धुळीत चेकबुक उघडून दोन लाखांचा चेक लिहिला. मेव्हण्यानं हात पुढं केला. मी चेक धरून ठेवला.

“टाकायलो बरं का दाजी आजच,” तो म्हणाला.

“आज नको,” मी म्हणालो. “एफडीचे पैसे खात्यावर यायचेत. चेक टाकू नको. मी सांगतो.”